कच्च्या पपईचा ठराव

मटण शिजायला काय लागतं, हा प्रश्न ज्याला साधा वाटतो त्याने तो एकदा सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहून सोडवून बघावा. नाहूर गावाच्या अलीकडे, भांडुप आणि मुलुंडच्या मधे, अशाच एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयवंत घाडीने तो सोडवला. मटण शिजलं. त्याच्याबरोबर बाकी काय काय शिजलं, ते ऐका.

सुरुवात अण्णांपासून झाली. अण्णा म्हणजे जयवंतचे वडील. सगळी उमर गिरणीत साच्यापुढे उभं राहण्यात गेली आणि आता सगळा दिवस खाटेवर. आधी दात गेले. मग कवळी आली. ती त्यांनी एकदाच घालून बघितली आणि दुसऱ्याचं तोंड आपल्याला नको म्हणून डबीत ठेवून दिली. मग पोटाने संप केला, आणि गिरणीच्या संपासारखाच तोही काही मिटेना. डॉक्टर आले, पोट दाबून गेले, आणि जाताना पॅसेजमध्ये थांबून जयवंतला म्हणाले की आता पथ्य वगैरे राहू दे, मागतील ते खायला घाला, गणपतीपर्यंतचं काही सांगता येत नाही. असली वाक्यं बोलायला डॉक्टर लोकांना पॅसेजच का सापडतो कोण जाणे. आमच्या घरांतले पॅसेज दीड माणसाचे. खाटेवरच्या माणसाला तिथला खोकलासुद्धा ऐकू येतो.

अण्णांनी ऐकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि संध्याकाळी सुनेला हाक मारून म्हणाले, "सुगंधा, गटारीक सागुती कर. पेज पुरे आता."

गटारी म्हणजे आषाढातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि घाड्यांच्या घरात गौरी-गणपती जाईपर्यंत मटण-मासळीचं नाव निघत नाही. शिकलेले लोक त्या दिवसाला दिव्यांची अवस म्हणतात, समया घासतात, आणि मग खिडक्या लावून घेऊन तेच खातात जे घाडी खिडक्या उघड्या ठेवून खातात. पण ते असो. मुद्दा असा की डॉक्टरांची मुदत गणपतीची आणि देवाची मुदत गटारीची. मधे जागा नव्हती. गटारीला अण्णांच्या तोंडात मटण पडलं नाही तर ते कधीच पडणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना कळलं.

आता बोकडाचं मटण बिनदाताच्या माणसाला द्यायचं तर ते जिभेवर विरघळायला हवं. म्हणजे तासन्‌तास शिजवणं आलं. म्हणजे गॅस आला. आणि गॅस तर येतच नव्हता. नंबर लावून किती दिवस झाले ते सुगंधाने मोजणं सोडलं होतं. एजन्सीतला माणूस खिडकीतून वर न बघता "गाडी आली नाही" एवढंच म्हणायचा, आणि त्याच्या पाठीमागे भरलेल्या टाक्या रांगेत उभ्या असायच्या. टाकी तयार, नंबर तयार, गिऱ्हाईक तयार. तरी काही घडत नाही. रेशनच्या रॉकेलची गत याहून वाईट. सुगंधाने घरची टाकी उचलून हलवून बघितली आणि वैद्य नाडी सोडतो तशी सोडली.

तेव्हा वसुधा बोलली. वसुधा जयवंतची मुलगी, मुलुंडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला, रसायनशास्त्र घेऊन. ती म्हणाली, कच्ची पपई वाटून लावा, अर्ध्या गॅसमध्ये होईल. जयवंतला हे माहीत होतं. त्याची आजीसुद्धा लावायची. पण मुलीच्या शिक्षणाला आपण फी भरतो तर तिच्याकडून कारणही घ्यावं, म्हणून त्याने कारण विचारलं.

"मटण मऊ होतं म्हणजे त्यातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात," वसुधा म्हणाली. "त्या तुटायला तयारच असतात. पण मधे एक चढ असतो, ऊर्जेचा. कशेडीचा घाट समजा. पोलादपूरहून खेडला उतरायचंय, पण आधी घाट चढायला हवा. तेवढं डिझेल नसेल तर एसटी पोलादपुरातच. आपण गॅस जाळतो तो या चढासाठी. पपईच्या चिकात विकर असतं, एन्झाइम. ते घाटात बोगदा काढतं."

"म्हणजे खेड जवळ येतं?"

"नाही हो, बाबा. पोलादपूर जागच्या जागी आणि खेडही जागच्या जागी. दोघांच्या उंचीत काही फरक नाही. वर चढायचं तेवढं कमी होतं, म्हणून थोड्या डिझेलवर भराभर गाड्या सुटतात."

आतून खाटेवरून आवाज आला, "आणि ह्यो बोगदो वापरून झिजता काय गो?"

"नाही झिजत, आजोबा. एक गाडी गेली की दुसरी. तुमच्या पोटातही असेच बोगदे आहेत. म्हणून तर कुकरला एवढ्या शिट्ट्या लागतात आणि पोट तेच काम अंगाच्या उबेवर करतं."

अण्णांनी पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "माजे बोगदे ढासळले, चेडवा."

 जयवंत उठला आणि पपई आणायला निघाला.

पपई कुठे लांब नव्हती. सोसायटीच्या मागच्या अंगाला, सेक्रेटरींच्या खिडकीखाली, पपईचं एक झाड होतं. ते कुणी लावलं नव्हतं. वरून कुणीतरी बी थुंकलं असणार. झाडाला हिरव्या पपया अशा लगडल्या होत्या की पिकण्याआधीच कावळ्यांनी आपापसात वाटून घेतल्या होत्या. दुसरा कुणी असता तर काठी मारून एक पाडून घेऊन गेला असता. पण जयवंत सरळ माणूस. परळची खोली विकून तो या नोकरदार लोकांच्या वस्तीत आला तेव्हापासून, आपल्याला इथे कुणी गिरणीवाला म्हणू नये म्हणून तो जिन्यातसुद्धा डाव्या बाजूने चढायचा. तो रीतसर परवानगी मागायला गेला. सरळपणा हा गुण आहे असं शाळेत शिकवतात. शिकवणारे सोसायटीत राहत नाहीत.

सेक्रेटरी मधुकर टिपणीस सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि रविवारीही होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि सांगितलं की झाड सामाईक जागेत असल्यामुळे फळही सामाईक ठरतं, सबब विषय कमिटीपुढे ठेवावा लागेल, कमिटी श्रावणात बसेल. मग विचारलं की कच्ची पपई कशासाठी पाहिजे.

इथे जयवंतच्या तोंडावर आलं होतं की माझ्या बापाला दात नाहीत. पण टिपणिसांच्या त्या स्वच्छ हॉलमध्ये, शोकेसमधल्या बाहुल्यांसमोर, आपल्या बापाचं बोळकं तोंड काढून ठेवायला त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "घरगुती कारण आहे."

आतल्या खोलीत टिपणीसबाई, म्हणजे वनमालाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

आपल्याकडे प्रत्येक पांढरपेशा घरात एक गणित न शिकवता येतं. घरात लग्नाची मुलगी, बाप घाईने कच्ची पपई मागतो, आणि कारण सांगत नाही. उत्तर काढायला वनमालाबाईंना तांदळातला खडा काढण्याएवढाही वेळ लागला नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. वाईट बाईपेक्षा चांगली बाई जास्त नुकसान करते, कारण तिला झोप लागते. वसुधा मध्यंतरी दोन दिवस कॉलेजला गेली नव्हती, हे त्यांना आठवलं. वसुधाला तेव्हा सर्दी झाली होती, पण सर्दी कुणी लक्षात ठेवत नाही.

कमिटी श्रावणात बसणार म्हटल्यावर जयवंतचा सरळपणा संपला. बुधवारी अर्धी रजा टाकून तो दुपारीच अंधेरीहून घरी आला, सगळे झोपले असतील असा हिशेब करून मागे गेला, आणि काठीने एक पपई पाडली. देठातून दुधासारखा चीक गळला तो त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. त्याने शर्टाला पुसला. वर बघितलं तर एकूण एक खिडकीत एकेक चेहरा होता. दुपारी झोपणारी वस्ती त्या दिवशी अजिबात झोपली नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्याचा हात लाल झाला आणि बारीक फोड आले. वसुधाने हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "विकराला काय कळतं? त्याच्या दृष्टीने तुम्हीही मटणच."

त्याआधीच वनमालाबाई वर येऊन गेल्या होत्या. सुगंधाजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या की पपई फार उष्ण, तशीच वापरू नका हो, पोरीबाळींचं घर आहे. मिठाच्या पाण्यात खळखळून उकडा, ते पाणी ओतून द्या, म्हणजे तिची उष्णता निघून जाते आणि कुणाच्या जिवाला धोका राहत नाही. सुगंधाला वाटलं, बाई सुगरण आहे, मटणाचंच सांगते आहे. तिच्या आईच्या घरीही अळू, सुरण, सगळ्यातली उष्णता उकडूनच काढायचे. तिने वनमालाबाईंना चहा दिला आणि त्या गेल्यावर पपई खळखळून उकडली. गटारीआधी एकदा थोडक्या मटणावर करून बघावं म्हणून खाटकाकडून पाव किलो आणलं होतं, त्याला तो उकडलेला लगदा चोळला, आणि कुकर चढवला. शिट्ट्या झाल्या. आणखी झाल्या. कुकर उघडून सुगंधाने एक तुकडा दाबला तर तो तिच्याच बोटाला दाबू लागला. चपलेच्या अंगठ्यात आणि त्याच्यात फरक म्हणाल तर मसाल्याचा.

वसुधा आत आली, तिने विचारलं, सुगंधाने सांगितलं. वसुधा स्वयंपाकघरातल्या जमिनीवरच बसली.

"आई, उष्णता नाही गेली, जीव गेला त्याचा. विकर म्हणजे नीट घडी घातलेलं प्रथिन असतं. त्या घडीवरच त्याचं काम चालतं. उकडलं की घडी मोडते. उकडलेलं अंडं कधी परत कच्चं झालंय?"

"त्या म्हणाल्या उष्ण असते."

"कुठल्या त्या?"

सुगंधाने नाव सांगितलं, आणि काय काय बोलणं झालं तेही सांगितलं. पोरीबाळींचं घर, जिवाला धोका. सांगता सांगता तिचं तिलाच कळलं की बाई मटणाबद्दल बोलत नव्हती. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. जयवंत दारात उभा होता. त्याने फोड आलेला हात पाठीमागे घेतला, जणू त्या हातानेच काहीतरी केलं होतं.  आतून अण्णांनी विचारलं की वास आला तो कसला. सुगंधा म्हणाली, पेज करते आहे. आणि टाकी पुन्हा हलवून बघितली तर आत जेमतेम काहीतरी हललं.

गटारी रविवारी आली. सकाळीच जयवंतने दुसरी पपई पाडली, या वेळी उभ्या वस्तीसमोर, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. वसुधाने ती स्वतः सालीसकट वाटली, मटणाला चोळली, आणि सांगितलं की तासाभराने धुऊन शिजायला टाकायचं, त्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही. विकराला थांब म्हणायला तोंड नसतं. पातेलं झाकून ठेवलं आणि दारावर टकटक झाली. वॉचमन होता. साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलंय, बायकांनाही, ताईंनाही, तातडीची सभा आहे.

आता एक गोष्ट बघा. या सोसायटीची कमिटी पाण्याच्या पंपासाठी वर्षभर बसली नव्हती. गच्ची गळत होती, गणसंख्या भरत नव्हती. सगळं घडायला तयार, पण मधे तो चढ. आणि इथे एका बाईने एका बाईच्या कानात एक शब्द टाकला, आणि चार दिवसांत म्हातारे, दमेकरी, भांडून बोलणं टाकलेले, सगळे मीटरच्या खोलीपुढे खुर्च्या टाकून हजर. निंदा हे माणसांतलं विकर आहे. तिला तापवावं लागत नाही, ती घरातल्या उबेवर चालते, आणि एक घर विरघळवून झालं तरी तिच्यातलं कणभर कमी होत नाही. ती तशीच ताजी पुढच्या घराला लागते.

सभा सुरू झाली. आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचला. मग एकाने विचारलं, झाड मालमत्ता आहे की उपज. दुसऱ्याने विचारलं, पडलेलं फळ आणि पाडलेलं फळ यांत नियम फरक करतात का. खजिनदारांनी झाडाचं पाणी कुठल्या खात्यातून जातं ते विचारलं. झाड पावसाचं पाणी पितं हे कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी तशी नोंद घ्यायला लावली. तास झाला. सुगंधा पदराचं टोक पिळत होती. तिने हळूच म्हटलं, मी वर जाऊन येते. टिपणीस म्हणाले, वहिनी, विषय तुमच्याच घरचा आहे. दीड तास झाला. वर पातेल्यात साखळ्या तुटत होत्या, आणि खाली एकही मुद्दा तुटत नव्हता.

शेवटी वनमालाबाई उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. म्हणाल्या की आम्हाला कुणाची बदनामी करायची नाही, पण आमच्याही घरात मुली आहेत, आणि आवारातल्या झाडाचा कुणी असा उपयोग करून उद्या पोरीच्या जिवाचं काही झालं तर पोलीस सगळ्यांच्या दारात येतील.

सगळ्यांनी खाली बघितलं. खाली बघायची ही पद्धत फार सोयीची आहे. ऐकून घेता येतं आणि ऐकलं नाही असंही राहतं.

वसुधा उठली. आवाज चढवला नाही. "काकू, पपई मटणाला लावली आहे. पातेलं आणून दाखवते हवं तर. आणि मला कधी काही लागलं तर मी डॉक्टरकडे जाईन. तुमच्या खिडकीखाली येणार नाही."

मग जयवंत उठला. हातावरचे फोड सगळ्यांना दिसत होते. इतके दिवस जे झाकलं ते त्याने मीटरच्या खोलीपुढे उघडं केलं. "माझ्या बापाला दात नाहीत. पचत नाही. त्याला एकदा मटण खायचंय. गणपतीपर्यंत तो राहील की नाही ते डॉक्टरला माहीत नाही. उद्या श्रावण लागतो. एवढंच कारण होतं."

  मग टिपणिसांनी घसा साफ केला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मग घाडी, हे तुम्ही त्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?"

माफी कुणी मागितली नाही. माफीला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. ठराव मात्र झाला. वादाचं मूळ असलेलं सदर झाड तोडून टाकावं, एकमताने मंजूर. पाच वर्षांत एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव.

घाडी कुटुंब वर आलं. सुगंधाने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. आत मटण नव्हतं. बोटाने उचलायला जावं तर बोटातून निसटणारं काहीतरी गुलाबी, ओल्या पिठासारखं होतं, आणि त्यात हाडं स्वच्छ धुतल्यासारखी उभी होती.  सुगंधाने ते तसंच वाटणात घातलं आणि गॅस पेटवला. निळी ज्योत मोठी झाली नाही. एक कढ आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याला ज्योत फडफडून विझली. टाकी संपली होती. पण आता चढच उरला नव्हता. जेवढी गाडी ढकलायची होती तेवढी ढकलून झाली होती.

जयवंतने बापाला उठवून भिंतीला टेकवून बसवलं. सुगंधाने वाटी पुढे केली आणि तोंड वळवलं. अण्णांनी पहिला घास घेतला. जीभ टाळूला लावली, डोळे मिटले, हिरड्यांनी उगाच दोनदा चावल्यासारखं केलं, कारण चावायला काही नव्हतं, आणि गिळलं. थोडी कडवट चव होती, ते कपाळाला पडलेल्या आठीवरून कळलं. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला.  वाटी संपली तेव्हा अण्णांनी डोळे उघडले आणि सगळ्यांकडे संशयाने बघत विचारलं, "हाडूक खंय?"

सुगंधाने पातेल्यातून एक नळी काढून दिली. पपईने हाडाला हात लावला नव्हता. अण्णांनी ती नळी दोन्ही हातांत धरली आणि चोखत बसले, गिरणीच्या नाक्यावर पगाराच्या दिवशी चोखायचे तशी, आवाज करत. बाकीच्यांनी रस्सा आणि सकाळचा भात खाल्ला. जयवंतला जेवण गेलं नाही. तो बापाकडे बघत बसला होता.

झाड दुसऱ्या दिवशीच तोडलं. गच्ची अजून गळते आहे.

अण्णांचं म्हणाल तर श्रावण गेला, गणपती आले, गौरी आल्या, सगळे गेले, अण्णा गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मी काही सांगता येत नाही एवढंच म्हटलं होतं. पोट पहिल्यासारखं झालं नाही, होणारही नव्हतं, खाटही सुटली नाही. पण पेजेला त्यांनी पुन्हा शिव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा सुगंधाला जरा बरं वाटलं.

गौरी गेल्यावर एका दुपारी दारावर टकटक झाली. वनमालाबाई. पदराखाली काहीतरी जड. आत आल्या, दार लोटून घेतलं, बसल्या नाहीत. त्यांच्या सासूबाईंचे उरलेले दात श्रावणात गेले होते आणि त्यांनीही मटणाचा धोशा लावला होता. झाड तर राहिलं नाही, म्हणून भांडुपच्या बाजारातून आणली, म्हणत त्यांनी पदर बाजूला केला. कोथिंबिरीच्या जुडीत गुंडाळलेली कच्ची पपई होती. जिन्यात कुणी बघितलं नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग खाली बघत म्हणाल्या, "भाऊजी, जरा सांगता का कसं करायचं ते?"

जयवंतने त्या पपईकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं, जिथे फोडांचे डाग अजून गेले नव्हते. एक वाक्य त्याच्या ओठांवर पूर्ण तयार झालं होतं. मिठाच्या पाण्यात खळखळून उकडा. किती सोपं होतं. त्याने तोंड उघडलं.

पण खाटेवरचा माणूस आधी बोलला.

"उकडू नको गो बाये. कच्चीच वाट, सालीसकट. आणि मग घोवाक सांग, मिटींग घे. मिटींग संपासर मटान लोणी होता."